मुंबईहून दिल्लीस, पण नागपुरावरून

आमच्या शाळेंतील मुलांस शून्य मैलाच्या दगडाचा अभिमान फार. नागपूर भारताच्या मध्यावर आहे हें पाहुण्यास सांगतांना त्यांची मान ताठ होते. तो अभिमान आम्हांस अमान्य नाहीं. परंतु मध्यावर राहून तुम्ही करतां काय, असें पाहुण्यानें विचारल्यास पुष्कळांची पंचाईत होते.

उत्तर आहे, मात्र तें इतिहासांत जमा झालें आहे. इ. स. १९४९ च्या जानेवारींत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्रीं विमानें निघत आणि सोनेगांवच्या विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, उतारूही विमान बदलीत, आणि सकाळपर्यंत जें तें विमान आपल्या शहरीं परते. त्याच वर्षींच्या १ एप्रिलपासून देशांतील पत्रें जादा आकाराशिवाय विमानानें जाऊं लागलीं. गरिबाच्या पत्रासही पंख फुटले.

एका चुणचुणीत विद्यार्थ्यानें नकाशा पुढें ठेवून आम्हांस अडविलें. मुंबईहून दिल्ली सरळ रेषेंत सुमारें १,१४० किलोमीटर. नागपुरावरून गेल्यास ६८५ आणि ८५० मिळून १,५३५. मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशीं २६० किलोमीटर धरला, तर एवढ्या फेऱ्यास दीड तास लागतो. पण संध्याकाळीं पेटींत टाकलेलें पत्र सकाळीं वांटावयाचें असतां, रात्रींच्या त्या दीड तासाची झळ कोणास लागणार? उलट चार शहरांच्या जोड्या होतात सहा. प्रत्येक जोडींत दोन्हीं टोकांहून विमान सोडावयाचें, तर बारा विमानें हवींत. नागपुरास भेट ठरविली कीं चारांत काम भागतें. शिवाय मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या वाटांवर नागपूर जवळजवळ सरळ रेषेंतच पडतें.

भेट साधणें मात्र सोपें नव्हे. कलकत्ता येथून सुमारें ९८५ किलोमीटर, म्हणजे वरील वेगानें पावणेचार तास. मुंबईच्या विमानास पावणेतीनही नकोत. एकाच घटकेस पोंचावयाचें तर एकानें तासभर आधीं निघालें पाहिजे. आगगाड्यांचीं गणितें सोडवून कंटाळलेल्या मुलांस हें गणित घालावें, असें आम्ही शिक्षकांस सुचवितों.

ही व्यवस्था १९७३ सालीं बंद झाली. आज जेट विमान दीड तासांत मुंबईस नेतें. त्यांत सीताबर्डीहून सोनेगांवास जाणें, तेथील तिष्ठणें आणि उतरल्यावर सांताक्रूझहून दादर गांठणें मिळविलें, म्हणजे पांच तास सहज होतात. पालक मंडळी तो हिशेब करीत नाहींत, ही आमची जुनी तक्रार आहे. तें असो. त्या रात्रींचीं विमानें ऐकलेले वृद्ध गृहस्थ आपल्या शहरांत अजून असतील. मुलांनीं सुट्टींत त्यांच्याकडे जाऊन त्यांच्या आठवणी लिहून आणाव्या. पुढील अंकांत त्यांकरितां आम्ही जागा राखून ठेवूं.