‘फर्स्ट कॉपी’चा ग्राहक निर्दोष कसा?

‘फर्स्ट कॉपी’ हा शब्द आता सुशिक्षित, सुस्थित घरांतही संकोचाशिवाय उच्चारला जातो. लाखाची पर्स दीड-दोन हजारांत मिळाली, हे सांगताना लाज वाटण्याऐवजी स्वतःच्या चातुर्याचे कौतुक वाटते. वस्तू बनावट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. फसवणूक कोणाचीच झाली नाही, मग गुन्हा कसला, असा युक्तिवादही वर ऐकवला जातो. युरोपातील दोन देशांनी हा युक्तिवाद फेटाळला आहे.

इटलीने 2005 साली कायदा करून बनावट वस्तू विकत घेणाऱ्यालाही दंडास पात्र ठरवले. प्रारंभी हा दंड दहा हजार युरोपर्यंत होता. पुढे कमाल मर्यादा सात हजारांवर आणली गेली आणि 2023च्या कायद्याने किमान रक्कम शंभरावरून तीनशे युरो झाली. समुद्रकिनाऱ्यावर फेरीवाल्याकडून दहा युरोंचा चष्मा घेणारा पर्यटकही या कक्षेत येतो. फ्रान्स त्याहून कठोर आहे. सबळ कारणाविना बनावट वस्तू बाळगणे हाच तेथे गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास आणि तीन लाख युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे.

भारतात 1999च्या व्यापारचिन्ह कायद्याची कलमे 103 व 104 बनावट चिन्ह लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कारावास व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगतात. ग्राहक मात्र मोकळा राहतो. आयात मालासंबंधीच्या 2007च्या नियमांनीही प्रवाशाच्या सामानातील वैयक्तिक वापराच्या वस्तू वगळल्या आहेत. तथापि ‘घेणाराही दोषी’ हे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा गुन्हेगार ठरतो. बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून संगणक प्रणाली वापरणाऱ्यालाही स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 63-ब अन्वये शिक्षा आहे. मग नकली पर्सच्या बाबतीतच ग्राहकाला निरागस का मानावे?

कारण या व्यवहाराचा आकार लहान नाही. ‘ओईसीडी’ आणि युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या अहवालानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 467 अब्ज डॉलर्सच्या बनावट मालाचा व्यापार झाला. जागतिक आयातीत त्याचा वाटा 2.3 टक्के होता. या मालाचा सर्वांत मोठा स्रोत चीन आहे. म्हणजे सीमेवरील जवानाचे गुणगान करणारे कुटुंब बाजारात जाऊन ज्याच्या तिजोरीत भर घालते, तो कोण, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा मालावर प्रामाणिक कर भरला जात नाही आणि तो घडवणाऱ्या हातांना कोणत्याही कामगार कायद्याचे संरक्षण मिळत नाही.

तरीही इटलीचे जसेच्या तसे अनुकरण करावे काय? येथे सावधपणा हवा. महाविद्यालयीन तरुणाच्या पायातील बूट तपासण्याचा अधिकार पोलिसाला दिला, तर चिरीमिरीचे नवे कुरण तेवढे निर्माण होईल. जागतिक व्यापार संघटनेच्या ‘ट्रिप्स’ करारातही व्यापारी प्रमाणावरील हेतुपुरस्सर नकलेसाठीच फौजदारी कारवाईचे बंधन आहे, ग्राहकाला तुरुंगात टाकण्याचे नाही. परदेशी श्रीमंत कंपन्यांच्या नफ्यासाठी भारतीय करदात्याच्या पैशाने पोलीस राबवावेत, हेही न्याय्य नव्हे.

शिवाय जून 2025 मधील प्रसंग विसरता येणार नाही. ज्या इटलीत नकली पर्स घेणाऱ्याला दंड होतो, त्याच इटलीतील मिलान येथे ‘प्राडा’ने कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणे सादर केली, तीही कोल्हापूरच्या नावाचा उल्लेखही न करता. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या कलेचे ऋण त्या कंपनीने मान्य केले ते भारतात संतापाची लाट उसळल्यानंतर. पुढे डिसेंबर 2025 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केला. आपल्या कारागिराचे हित जपण्यासाठी आपणच जागे राहावे लागते, हाच याचा बोध.

म्हणून प्राधान्यक्रम आपला असावा. बनावट मालाचे साठेदार व घाऊक विक्रेते यांच्यावर असलेल्या कलमांची कठोर अंमलबजावणी प्रथम व्हावी. यंत्रमागावरची साडी पैठणी म्हणून विकणाऱ्यावर भौगोलिक मानांकन कायद्याचा बडगा उगारावा. तेथे फसलेल्या ग्राहकाला संरक्षण मिळावे. जाणूनबुजून नकली माल घेऊन परदेशातून येणाऱ्याची वस्तू विमानतळावर जप्त व्हावी आणि पुन्हा तसे घडल्यास दंड व्हावा. कारावास मात्र नको.

उरतो तो घरातला प्रश्न. योगशास्त्रातील यमांमध्ये अस्तेयाला स्थान आहे. दुसऱ्याचे नाव न विचारता मिरवणे हाही स्तेयाचाच प्रकार. ऐपत नसताना ती असल्याचा देखावा करणारी पर्स आईच्या खांद्यावर पाहणारे मूल उद्या परीक्षेत नक्कल करताना का कचरेल? त्याच दीड-दोन हजारांत कोल्हापूरच्या कारागिराने हाताने शिवलेली अस्सल चप्पल मिळते. ती घालून चालणाऱ्याला कोणत्याही देशाच्या सीमेवर मान खाली घालावी लागत नाही.