भुलीची सुई आणि पदवीची मक्तेदारी

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९७१ साली दात व हिरड्यांची सफाई करणाऱ्या डेंटल हायजिनिस्टना भुलीचे इंजेक्शन देण्याचा अधिकार दिला. टेक्सासमध्ये त्यासाठी २०२३ साल उजाडावे लागले. मधल्या बावन्न वर्षांत माणसाच्या जबड्यातील मज्जातंतू काही बदलले नव्हते. सुरक्षिततेचा आक्षेप रास्त आहे. परंतु शरीररचनेचे ज्ञान, औषधाच्या मात्रेचे भान आणि कसून परीक्षा हे त्याचे उत्तर होय, पदवीची मक्तेदारी नव्हे. हिरड्यांखालची खोल सफाई हायजिनिस्टने करावयाची आणि केवळ भुलीसाठी रुग्णाने दंतवैद्याची वाट पाहत ताटकळावयाचे, यात कोणाचे हित आहे?

मात्र परवान्याने प्रश्न संपत नाही. वाचलेल्या वेळाचे मोल दवाखान्याच्या मालकाच्या तिजोरीत जाते, की हायजिनिस्टच्या वेतनात भर घालून रुग्णाचे बिल हलके करते, हे पाहिले पाहिजे. वृद्धांसाठी १९६५ साली उभारलेल्या मूळ मेडिकेअर योजनेत नित्याचे दंतोपचार आजही बसत नाहीत. श्रमिकाला कौशल्य वाढविण्याचा हक्क हवा आणि त्या कौशल्याचे फळ समाजाच्या पदरी पडावयास हवे. समाजवाद्यांनी या दोन्ही मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत.