मत्स्यन्याय : काचेच्या पेटीतला

मोठ्या माशाने लहान माशाला गिळावे, या व्यवहाराला आपल्या पूर्वजांनी ‘मत्स्यन्याय’ असे नाव दिले. समुद्रात हा न्याय चालतो. पण तेथे लहान माशाला पळायला जागा असते, लपायला कपार असते. दोन फुटी काचपेटीत पळून जाणार कोठे? म्हणून पेटीत कोणाशेजारी कोणाला ठेवायचे, हा हौसेचा नव्हे तर जबाबदारीचा प्रश्न आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉलेज सुटल्यावर मी शोभिवंत मासे विकणाऱ्या एका दुकानात काम करतो. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. फीचे पैसे या कामातूनच निघतात. तेव्हा मासे विकूच नयेत, असे मी म्हणणार नाही. पण गिऱ्हाइकांच्या मागण्या ऐकून मन खट्टू होते. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला. त्यातला नारिंगी-पांढरा विदूषक मासा आणि त्याची निळी मैत्रीण डोरी, ही जोडी लोक अजूनही मागतात.

या दोघांचे स्वभावाने वैर नाही. अडचण आकाराची आहे. विदूषक मासा तीन-चार इंचांवर थांबतो. निळा टँग मात्र फूटभर वाढतो आणि त्याला दिवसभर लांब पोहायला लागते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच पेटीत पाणी मावते जेमतेम ७० लिटर. एवढ्या पाण्यात विदूषकांची एक जोडी सुखाने राहील. टँगसाठी ती कोठडीच होय.

मग विदूषकाचे शेजारी कोण असावेत? लहान गोबी, शांत कार्डिनल मासे, अंगावरची घाण वेचणारी कोळंबी. लायनफिश किंवा हेकरू नकोत. तोंडात मावेल ते त्यांचे भक्ष्य. डॅमसेल काटक म्हणून स्वस्तात गळ्यात मारले जातात, पण एकदा जागा धरली की नवागताला टिकू देत नाहीत. खुद्द विदूषकांच्या दोन जाती एकत्र ठेवल्या तरी भांडण ठरलेले. त्यांच्यात सगळे नर म्हणूनच वाढतात आणि गटातला सर्वांत वरचढ मासा मादी होतो. ज्यांच्या घरात अशी उतरंड आहे, त्यांच्यात परके कुटुंब कसे खपेल?

शेजाऱ्यांआधी पाणी. क्षार, २४ ते २७ अंश तापमान आणि ८.१ ते ८.४ सामू स्थिर हवा. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी थंड ठेवणे हेच मोठे काम. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहते. म्हणून तूट गोड्या पाण्याने भरायची. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या पेटीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि लोक पेटी व मासे एकाच दिवशी घरी नेतात! समुद्रफुलाचा हट्टही नको. त्याला तीव्र प्रकाश व मुरलेले पाणी लागते. पेटीत विदूषक त्याच्याविना राहू शकतो.

आणखी एक गोष्ट. फिलिपिन्स व इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची रीत होती. त्यात प्रवाळही मरते. विदूषकाची पैदास मात्र बंदिस्त पाण्यात होते. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे. मग ‘हा मासा पैदाशीचा की समुद्रातून धरलेला?’ हा प्रश्न गिऱ्हाईक का विचारत नाही?

असे बोललो तर धंदा बुडेल, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. ज्याचे मासे महिन्यात मरतात, तो पेटी भंगारात काढतो आणि परत फिरकत नाही. ज्याचा विदूषक दहा वर्षे जगतो, तो दहा वर्षे खाद्य आणि मीठ न्यायला येतो. दुकानदाराने ‘हे एकत्र राहणार नाहीत’ असे तोंडावर सांगावे आणि गिऱ्हाइकाने सहा आठवडे नुसत्या पाण्याकडे पाहण्याचा धीर धरावा. ज्याला एवढे जमत नाही, त्याने भिंतीवर चित्र लावावे. त्यात कोणाचा जीव जात नाही.