सगळं ठीक आहे

परवा आमच्या ऑफिसात नवी हजेरी सुरू झाली. लिफ्टमधून बाहेर आलं की कॅमेऱ्यापुढे चेहरा धरायचा, हिरवा दिवा लागला की तुम्ही हजर! रांगेत सगळे कुरकुरत होते. मला मात्र आजी आठवली. तिची अशी परीक्षा दर नोव्हेंबरला असायची. फरक एवढाच, की तिला हजर नव्हे, जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागायचं.

आजी पोंभुर्ण्याला राहायची. कुठे आलं हे, असं तुम्ही विचारणारच. ताडोब्याला सफारीला जाता ना, तोच चंद्रपूर जिल्हा. फक्त रिसॉर्टच्या रस्त्यावर नाही, वैनगंगेच्या बाजूला. धानाच्या बांध्या, बांबू, जंगल. वाघही आहेत, बिनतिकिटाचे.

आजी मूळची कामठीची. १८२१ पासूनची लष्करी छावणी, त्यामुळे फौजी आणि चर्च दोन्ही तिच्या लहानपणापासून ओळखीचे. आबाजी पोंभुर्ण्याचे, फौजेत ड्रायव्हर. १९६१ मध्ये लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी चीनचं युद्ध. त्याच १९६२ साली चांदा भागाचं मिशन केरळच्या सीरो-मलबार चर्चकडे आलं. त्यामुळे आमचे फादर मल्याळी वळणाचं मराठी बोलायचे आणि आजी छावणीतल्या हिंदीची फोडणी दिलेलं. दोघांचं छान जमायचं! मोठ्या सणाच्या मिस्साला ती पहाटेची एसटी पकडून चंद्रपूरला जायची. एरवी रोज संध्याकाळी घरीच रोझरी. त्या वेळी टीव्ही बंद. क्रिकेटची फायनल असली तरी बंद.

आबाजींच्या पत्रांवर पत्ता एकच असायचा, ५६ एपीओ. माणूस लडाखात असो की पंजाबात, पत्ता तोच. नवरा नेमका कुठे आहे हे बायकोला कळायचं नाही. आजीनेही मग आपला एक नियम करून टाकला. मोर्चावरच्या माणसाला घरची कटकट कळवायची नाही. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध सुरू असताना बाबा टायफॉइडने अंथरुणाला खिळले होते. आजीने पत्रात लिहिलं, ‘इकडे सर्व खुशाल.’ आबाजी सुट्टीवर आले तेव्हा मुलाच्या डोक्यावरचे गेलेले केस बघून त्यांना कळलं. बाबा हा किस्सा नेहमी हसत हसत सांगतात. मीही हसायचो.

आबाजी गेल्यावर फॅमिली पेन्शन सुरू झाली आणि नोव्हेंबर महिना आजीसाठी दोन कामांचा झाला. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आबाजींच्या कबरीवर मेणबत्ती लावायची. आणि महिना संपायच्या आत बँकेत हयातीचा दाखला द्यायचा. ‘एक दिवस त्याइचा, एक माहा,’ ती म्हणायची.

२०१४ मध्ये अंगठ्यावर चालणारं ‘जीवन प्रमाण’ आलं. सोय चांगलीच. पण धानाच्या रोवणीत उभं आयुष्य गेलेल्या आजीच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीन तिला ओळखेना. मग कुणीतरी सोबत जाऊन कागदी फॉर्म भरून द्यायचा. बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

नोव्हेंबर २०१८. प्रोजेक्टचं रिलीज डोक्यावर होतं. मी फोन केला, ‘आजी, पुढच्या आठवड्यात नक्की येतो.’ ती म्हणाली, ‘ये आरामात बापू. छुट्टी सँक्शन झाल्यावर ये.’ पुढच्या आठवड्यात रिलीज पुढे ढकललं गेलं आणि मी आजीला. नंतर तर विसरूनच गेलो.

प्रजासत्ताक दिनाच्या वीकेंडला घरी गेलो. आजी टीव्हीपुढे ताठ बसून परेड बघत होती. निघताना तिने पदराच्या गाठीतून पाचशेची नोट काढून माझ्या खिशात कोंबली. मी विचारलं, ‘सगळं ठीक ना?’ ‘मले काय होते? मी मस्त आहो. तू तुही ड्युटी सांभाळ.’

आजी २०२१ मध्ये गेली. महिन्याभराने आम्ही तिची ट्रंक उघडली. आबाजींचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात लिहिलेली ती काळी पत्र्याची ट्रंक. आत पत्रांचा गठ्ठा, पेन्शनचे कागद, पासबुक. मी सहज पासबुक चाळलं. डिसेंबर २०१८, जानेवारी, फेब्रुवारी, एकही पेन्शन जमा नाही. मार्चमध्ये सगळी थकबाकी एकदम. शेजारच्या काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘कोठीतला तांदूळ विकला होता तेव्हा. मार्चात माह्यासोबत आली बँकेत. तुमाले सांगू नको म्हणे.’

म्हणजे ती पाचशेची नोट तांदळाची होती.

ट्रंकेच्या तळाशी प्रार्थनेचं पुस्तक होतं. मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलने लिहिलेली यादी, कुणासाठी काय मागायचं त्याची. बाबांचे गुडघे, काकूंच्या मुलीचं लग्न. आणि नोव्हेंबर २०१८ च्या पुढे, ‘बापूले छुट्टी भेटो.’

मला ती एका फोनवर सांगू शकली असती. पण तिच्या हिशेबात मी ड्युटीवर होतो, ५६ एपीओला. गाऱ्हाणं मारियामातेकडे, आणि माणसांकडे फक्त ‘सर्व खुशाल’. आम्ही तिच्या श्रद्धेचं कौतुक करत राहिलो, आणि तिच्या ‘ठीक आहे’वर आरामात विश्वास ठेवत राहिलो. तिला खोटं बोलायची सवय होती असं नाही. आम्हालाच दुसरा प्रश्न विचारायची सवय नव्हती.

आता हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. आजीला ते बघून गंमत वाटली असती.

त्या दिवशी हजेरीच्या रांगेतूनच मी बाबांना फोन लावला. ‘सगळं ठीक आहे,’ ते म्हणाले. एरवी मी इथेच फोन ठेवतो. या वेळी विचारलं, ‘बीपीच्या गोळ्या किती उरल्यात?’ पलीकडे जरा शांतता. मग, ‘संपल्यात रे. चार दिवस झाले.’

गोळ्या संध्याकाळपर्यंत घरी पोचवल्या. आणि २ नोव्हेंबरसाठी रजेचा अर्ज आत्ताच टाकलाय. बॉसने विचारलं, ‘काही अर्जंट?’ म्हटलं, हो.

छुट्टी सँक्शन झालीय, आजी.