वलगावची पांढरी आणि नवे नकाशे

गावाच्या जमिनीचे पांढरी आणि काळी असे दोन भाग आमच्या पूर्वजांनी केले ते रंगाच्या हौसेने नव्हे. पांढरीत माणसांनी राहावे व काळीत पीक उभे करावे, ह्या वाटणीमागे कित्येक पिढ्यांचा अनुभव होता. वऱ्हाडची काळी उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगांनी फाटते, मृगाचे पाणी प्याली म्हणजे फुगते, आणि तिच्यात उथळ पाया घालून उभी केलेली भिंत दोन-चार पावसाळ्यांत तडकते. ही गोष्ट ज्यास कळत नव्हती असा कुणबी वऱ्हाडात नव्हता. ज्यास कळत नाही असा प्लॉटविक्याही आज वऱ्हाडात नसेल. भेद एवढाच की, कुणबी काळीवर स्वतःचे घर बांधीत नसे, आणि प्लॉटविक्या ते दुसऱ्यास बांधावयास देतो.

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर, पेढी नदीच्या काठी, वलगाव आहे. अमरावती व बडनेरा ह्या दोन नगरपालिका एकत्र होऊन १५ ऑगस्ट १९८३ रोजी अमरावतीची महानगरपालिका झाली. तेव्हापासून शहर चोहोंकडे पसरत आहे, आणि जेथे त्याची हद्द संपते तेथे त्याची भूक मात्र संपत नाही. ज्या शेतांत कपाशी आणि तूर उभी असावयाची तेथे सिमेंटचे खुंट, चुन्याच्या रेघा आणि कोणा देवाचे नाव दिलेली एक कमान दिसू लागते. ह्या आखणीस लोक ‘ले-आऊट’ म्हणतात. शब्द इतका रुळला आहे की, त्यास संस्कृत प्रतिशब्द शोधण्याची खटपट आम्ही करीत नाही.

वसाहती होऊच नयेत असे आमचे म्हणणे मुळीच नाही. माणसे वाढली, घरे हवीत, आणि पांढरी काही ताणून लांब करिता येत नाही. आजची स्थापत्यविद्या काळ्या जमिनीतही टिकाऊ पाया घालू शकते, हेही आम्हांस मान्य आहे. आमचे भांडण निराळे आहे. ज्या गावाच्या शिवारात ही नवी वस्ती व्हावयाची, त्या गावापुढे तिचा नकाशा मांडणे हे कोणास कर्तव्य वाटत नाही. आणि त्या नकाशात म्हाताऱ्या, अपंग व दुखणाईत माणसांस जागा ठेविली आहे की नाही, हे विचारणे तर कोणत्याच खात्याचे काम नाही. ह्या दोन गोष्टी वरवर पाहता वेगळ्या दिसतात. आमच्या मते त्या एकाच दोषाची दोन अंगे आहेत.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. एखाद्या शहराची विकास योजना तयार झाली म्हणजे कलम २६ अन्वये ती प्रसिद्ध करावी लागते, लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि कलम २८ प्रमाणे नेमलेल्या समितीस त्या ऐकाव्या लागतात. मंजूर योजनेत बारीकसा फेरफार करावयाचा झाला तरी कलम ३७ जाहीर सूचना मागते. हे सर्व स्तुत्य आहे. परंतु मंजूर योजनेच्या रंगात बसणारा एखादा ले-आऊट आला, मग तो २ एकरांचा असो की २० एकरांचा, की ही सारी जाहीरता एका क्षणात मावळते. ग्रामपंचायतीच्या मुलखात असा नकाशा मंजूर करावयाचा तो जिल्हाधिकाऱ्यांनी, व त्यांस सल्ला द्यावयाचा तो नगररचना शाखेने. मालक, त्याचा वास्तुतज्ज्ञ आणि अधिकारी एवढ्या त्रिकुटात ज्याचा निकाल लागतो तो विषय गावास कळतो केव्हा? तर पांदणीत मुरुमाचे ट्रक रिकामे होऊ लागतात तेव्हा. त्यातच जमीन महसूल संहितेत घातलेल्या कलम ४२-ड ने गावठाणापासून २०० मीटरांच्या आतील जमीन ठराविक आकार भरला म्हणजे अकृषिक मानण्याची सोय केली. शेतकऱ्याचे हेलपाटे वाचावेत हा हेतू चांगलाच. पण गावठाणाला लागून असलेली जमीन म्हणजेच जिच्या बऱ्यावाइटाचा परिणाम गावावर सर्वांत आधी होतो ती जमीन, हे कायदा करणारांच्या ध्यानी आले नाही की काय?

ग्रामपंचायतीचा ‘ना-हरकत’ दाखला असतो ना, असे कोणी म्हणेल. असतो, आणि त्याविषयी जितके थोडे बोलावे तितके बरे. ज्या कागदावर हरकत नाही असे लिहिलेले असते, तो लिहिण्यापूर्वी हरकत आहे काय असे गावास कोणी विचारिलेले नसते. वास्तविक १९९२ सालच्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जे अकरावे परिशिष्ट जोडिले, त्यात पंचायतींकडे सोपविण्याजोग्या विषयांत ग्रामीण गृहनिर्माण आहे आणि अपंगांच्या कल्याणासह समाजकल्याणही आहे. घर आणि आधार हे दोन्ही विषय घटनेने एका पानावर लिहिले. आमच्या कचेऱ्यांनी ते दोन निरनिराळ्या कपाटांत बंद केले.

गावास विचारिले असते तर गाव काय म्हणाले असते? नगररचनेची पदवी त्याच्यापाशी नाही हे खरे. पण पेढीचे पाणी चढले म्हणजे कोणत्या धुऱ्यापर्यंत येते, कोणत्या नाल्याचे तोंड कोणी कधी बुजविले, कोणत्या विहिरीचे पाणी गोडे व कोणत्या विहिरीचे मचूळ, शेतात गाडी न्यावयाची पांदण कोणत्या गटातून जात होती, हे सांगणारी माणसे गावात असतात, आणि ती बहुधा म्हातारी असतात. पेढी ज्या पूर्णेस मिळते तिच्या खोऱ्यातच वऱ्हाडचा खारपाणपट्टा पसरला आहे. तेव्हा नव्या वस्तीस पाणी कोठून आणणार हा प्रश्न येथे शोभेचा नाही. नकाशावर नाला म्हणजे एक निळी रेघ. ती थोडी वळविली तर दोन प्लॉट अधिक निघतात आणि कोणाचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते पुढल्या आषाढात, शेजारच्या शेतात. तोवर मालकाने कमान दुसऱ्या गावी हलविलेली असते.

पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉच पंडिताने इंदूर दरबारासाठी नगररचनेचा मोठा अहवाल लिहिला तो १९१८ साली. शहर समजावयाचे तर त्याच्या गल्ल्या पायांनी तुडविल्या पाहिजेत, हा त्याचा बाणा होता. त्याच काळी आमच्या वऱ्हाडात एक परीट डोक्यावर खापर घालून आणि हाती खराटा घेऊन गावोगाव फिरत होता. त्या दोघांची गाठ कधी पडली असती तर भाषेची अडचण फार वेळ आली नसती, असे आम्हांस उगाचच वाटते.

गाडगेबाबांचे नाव येथे ओघाने आले खरे, पण वलगावात ते टाळिताही येत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीस नेत असता, ह्याच पेढीच्या पुलाजवळ त्यांनी देह ठेविला, आणि त्यामुळे वलगाव ही त्यांची निर्वाणभूमी झाली. त्यांच्या नावाने विद्यापीठ आहे, आणि शासनाचे ग्रामस्वच्छता अभियानही आहे. ह्या अभियानात तपासणीची समिती गावातून पायी फिरते, गटारे पाहते, गुण देते. म्हणजे गाव पायी फिरून कसे तपासावे ही विद्या शासनास अवगत आहे. ती फक्त नवी वसाहत मंजूर करितेवेळी विसरली जाते.

बाबांच्या नावाचा जयघोष करणारांनी त्यांच्या बांधकामांच्या जागा एकदा पाहाव्यात. ऋणमोचनास पूर्णेच्या चिखलाच्या काठावरून यात्रेकरू घसरत, तेथेच त्यांनी १९०८ साली घाट बांधिला. पंढरपुरास ज्यांस कोणी ओटीवर घेत नसे त्यांच्यासाठी चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा त्यांनी पंढरपुरातच उभारिली. मुंबईस जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातलगांची फरपट होई, त्यांच्यासाठी धर्मशाळा झाली ती रुग्णालयापासून जवळ. स्वस्त जमीन मिळाली म्हणून बाबांनी ती दहा कोस दूर नेली नाही. ज्याला गरज आहे तो जेथे आहे तेथेच सोय करावयाची, हे नगररचनेचे शास्त्र एका निरक्षर माणसास साधले होते.

आणि आम्ही काय करितो? वृद्धाश्रम काढावयाचा तर शहरापासून दूर, जेथे एकरी भाव कमी, जेथे एस. टी. दिवसातून दोनदा जाते, अशा ठिकाणी. न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे, अनुदानाचा कागद समाजकल्याण खात्याकडे, जमिनीचा कागद महसुलाकडे. रात्री एखाद्या म्हाताऱ्याच्या छातीत दुखू लागले तर डॉक्टर किती वेळात पोहोचेल, हा प्रश्न ह्या तीन कागदांपैकी एकावरही छापलेला नाही. जुन्या गावगाड्याने काही जातींस गावकुसाबाहेर ठेविले, त्याबद्दल आम्ही आज सभांतून खेद व्यक्त करितो. नवे गावकूस घालून त्याच्याबाहेर आपल्याच आईबापांस ठेवितो, तेव्हा मात्र त्या जागेस ‘निसर्गरम्य परिसर’ म्हणतो!

येथे अमरावतीचे तपोवन ध्यानी घेण्यासारखे आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली महारोग्यांसाठी ही वसाहत उभारिली. रोग्यास वस्तीपासून दूर ठेवावे अशी त्या काळाची समजूत होती. १८९८ सालचा महारोग्यांविषयीचा कायदाही त्याच समजुतीवर उभा होता, आणि तो रद्द व्हावयास २०१६ साल उजाडले. पटवर्धनांनी रोग्यांस काम आणि मान दिला हा त्यांचा मोठेपणा. दूरची जागा ही जगाची सक्ती. आज शहर वाढत वाढत तपोवनाच्या दारात आले आहे. तेव्हा वस्तीबाहेर काढून दिलेले माणूस पन्नास वर्षांनी पुन्हा वस्तीत सापडतेच. मधल्या पन्नास वर्षांचा वनवास तेवढा त्याच्या माथी.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्याचे कलम १९ म्हणते की, राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम स्थापू शकेल. त्या ‘शकेल’ ह्या क्रियापदात सगळे कलम निजले आहे. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांस चाकांच्या खुर्चीस जाता येईल अशी दारे आणि उद्वाहने असावीत, अशा प्रकारचे नियम घातले, उत्तम झाले. पण ते नियम ज्येष्ठांसाठी म्हणून जाहिरात करणाऱ्या प्रकल्पांचे. वलगावच्या शिवारात दीड हजार फुटांचा प्लॉट घेणारा शिक्षक किंवा कारकून हा आज चाळिशीचा असेल. तो कर्ज फेडून मोकळा होईल तेव्हा तोच ज्येष्ठ झालेला असेल, आणि मुलगा पुण्यास वा परदेशी. त्या वेळी त्याचा ले-आऊट वृद्धांचीच वसाहत होणार, जाहिरात केलेली असो वा नसो.

ह्यास उपाय नाही असे नाही. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या ले-आऊटात १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. ४ एकरांच्या शेतात ही जागा १६ गुंठे, म्हणजे सुमारे १७,४०० चौरस फूट होते. ही काही थोडकी जागा नव्हे. पण ती पडते कोठे? जो कोपरा विकला जात नाही तेथे; नाल्याकाठी, विजेच्या तारांखाली, जेथे पुढे गाजरगवताशिवाय काही उगवत नाही. तीच जागा सडकेलगत, वस्तीच्या मध्यावर घेतली, आणि नियमात बसेल तेवढ्यापुरते तिच्या कडेला म्हाताऱ्यांस दिवसभर बसता येईल, परिचारिकेस आठवड्यातून दोनदा येता येईल असे एखादे छप्पर उभारिले, तर मालकाचा एक प्लॉट फार तर कमी होईल.

आमच्या ह्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला अधिकाऱ्यांचा: ग्रामसभेपुढे नकाशे नेले तर कामे अडतील आणि अडवणाऱ्यांची दुकाने निघतील. तर नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ ने परवानगीच्या अर्जावर ६० दिवसांची मुदत घातलेलीच आहे; त्यांतले ३० दिवस गावास द्या, एकही दिवस वाढवू नका. अडवणुकीचे दुकान बंद दाराआड चालते, चावडीवर भर सभेत ते मांडणे कठीण. सरपंचच प्लॉटांचा दलाल असला तर? म्हणूनच तर आम्ही सरपंचाचा दाखला मागत नसून सभा मागतो.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो आम्हांस अधिक बोचतो. कापसास भाव नाही, मुलीचे लग्न आहे, जमीन माझी. गाव कोण मला विचारणार? त्याच्या दुःखावर आमच्यापाशी उत्तर नाही, आणि त्याने विकू नये असे सांगण्याचा अधिकारही नाही. एवढेच म्हणतो की, एकराच्या भावाने त्याने विकलेली जमीन पुढे चौरस फुटाच्या भावाने जाते. मधला नफा ज्याच्या खिशात पडतो त्यास चार प्रश्न विचारिल्याने शेतकऱ्याचे काही जात नाही.

राज्याची एक रीत मात्र आम्हांस मुळीच पटत नाही. शहरांच्या कडेने तुकडे पाडून बेकायदा वस्त्या होऊ द्यावयाच्या आणि मागाहून दंड घेऊन त्या पदरात घ्यावयाच्या. २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्या नियमित केल्या, आणि २०२१ साली ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे ओढली. माफीची तारीख सरकते हे एकदा कळल्यावर नियम कोण पाळील?

वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. वलगावच्या ग्रामसभेने पुढल्या सभेत असा ठराव करावा की, शिवारातील प्रत्येक ले-आऊटाचा नकाशा गटक्रमांक, नाला, पांदण व मोकळी जागा मराठीत लिहून ३० दिवस चावडीवर लावावा. अधिकाऱ्याने गावकऱ्यांसह ती जागा पायी फिरून पाहावी. आणि गावाच्या हरकतींस, विशेषतः म्हाताऱ्यांच्या सोयीविषयीच्या हरकतीस, मंजुरीच्या कागदावरच लेखी उत्तर द्यावे. जिल्हाधिकाऱ्यांनी हा ठराव फेटाळिला तर तो का फेटाळिला हे लेखी मागावे, आणि ते उत्तरही त्याच चावडीवर लावावे.