तोंड दाबून बुक्क्यांचा मार

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने २०२५ मध्ये एक लहानसे मोजमापाचे साधन स्पर्धांच्या मैदानावर आणले. घोड्याच्या नाकाचे हाड आणि त्यावरून आवळला जाणारा चामडी नाकपट्टा यांच्यामध्ये १.५ सेंटिमीटर मोकळीक असली पाहिजे आणि ती या साधनाने पडताळता आली पाहिजे, असा नवा दंडक आहे. वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटेल. कोट्यवधी रुपयांच्या घोड्यांच्या खेळात एका पट्ट्याच्या भोकाची ती काय मातब्बरी? परंतु गेली काही वर्षे या खेळाच्या नैतिक अधिष्ठानाविषयी युरोपात जो वाद पेटला आहे, त्याचे मूळ नेमके या पट्ट्यापाशी आणि त्याच्या आतल्या लोखंडापाशी येऊन ठेपते.

पट्ट्याखाली दोन बोटे शिरली पाहिजेत, हा संकेत जुनाच आहे. बोटे कोणाची आणि पट्ट्याच्या कोणत्या जागी, हे मात्र ज्याच्या त्याच्या सोयीवर राहिले. आयर्लंड, इंग्लंड व बेल्जियम येथील स्पर्धांतल्या ७५० घोड्यांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा संकेताप्रमाणे दोन बोटांची जागा अवघ्या ७ टक्के घोड्यांच्या पट्ट्यात आढळली आणि ४४ टक्क्यांच्या पट्ट्याखाली मोजपट्टीचे टोकही शिरेना. म्हणजे नियम कागदावर आणि पट्टा शेवटच्या भोकावर, अशी स्थिती होती. त्याआधी २०१६ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी १२ घोड्यांवर केलेल्या प्रयोगात पट्टा पूर्ण आवळताच हृदयाचे ठोके वाढले, चघळणे जवळजवळ थांबले, आणि पट्टा सोडल्यावर जांभया, चाटणे व गिळणे यांना ऊत आला. दाबून ठेवलेली गरज संधी मिळताच उफाळून येते, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

मग घोडेस्वार पट्टा आवळतो कशासाठी? येथे ‘तोंडाचा चाळेखोर’ म्हणून बदनाम झालेल्या घोड्याचा विचार करणे प्राप्त आहे. असा घोडा लगाम घातला की तोंड वासतो, कडियाळे दातांनी चावतो, जीभ त्याच्यावरून काढून बाजूने लोंबत ठेवतो, मान झटकतो किंवा डोके एका अंगाला तिरके धरतो. ड्रेसाजच्या परीक्षकाच्या दृष्टीने हे अवज्ञेचे लक्षण असून त्यासाठी गुण कापले जातात. तोंड वासता आले नाही, तर मात्र ते अवज्ञेचे चिन्ह दिसत नाही. पट्टा दोन भोके पुढे गेला की घोडा एकाएकी ‘सुशिक्षित’ होतो. तक्रार ऐकून न घेता तक्रारदाराचे तोंड बांधण्याची ही तऱ्हा आपल्याकडच्या कचेऱ्यांना अपरिचित नाही.

वस्तुतः त्या चाळ्यांना कारण असते आणि ते बहुधा तोंडातच सापडते. घोड्याच्या पुढच्या दातांपासून दाढांपर्यंत खालच्या जबड्यात एक दंतविरहित जागा असते. कडियाळे बसते ते तेथे. या जागी हाडाची धार असून तिच्यावर श्लेष्मल त्वचेचे पातळ आवरण काय ते असते. तोंड मिटलेले असता जीभ उरलेली बहुतेक सर्व पोकळी व्यापून टाकते. म्हणून ‘जाड कडियाळे सौम्य, बारीक ते कठोर’ ही जुनी समजूत निम्मीच खरी ठरते. जाड कडीचा दाब अधिक क्षेत्रफळावर पसरतो हे खरे. पण ज्या घोड्याची जीभ मांसल आणि टाळू सखल आहे, त्याच्या तोंडात ती कडी मावतच नाही. मध्ये एकच सांधा असलेली कडी अडकित्त्यासारखी दुमडून टाळूवर आदळते, असेही पिढ्यानपिढ्या सांगितले जाई. १९८४ च्या सुमारास क्ष-किरणांच्या साहाय्याने घोड्याच्या तोंडातील हालचाल पाहिली गेली, तेव्हा बराचसा भार जिभेवर येतो, हे स्पष्ट झाले. म्हणून काही घोड्यांना मध्ये लहानसा तुकडा असलेली दोन सांध्यांची कडी सोसते, काहींना जिभेला वाव देणारी किंचित कमानदार सलग कडी आवडते. काही घोडे सैल कडीच्या हालचालीने अधिकच अस्वस्थ होतात. त्यांना जागच्या जागी स्थिर राहणारी कडी लागते. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा राहावी, याहून अरुंद कडी ओठ चिमटते आणि याहून रुंद कडी एका बाजूस घसरते. सर्व घोड्यांना एकच उत्तम, असे कडियाळे अस्तित्वात नाही.

आणि कडियाळे बदलण्याआधी दात तपासणे आवश्यक आहे, हे तर उघडच आहे. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर येत राहतात. वरच्या दाढांच्या गालाकडील कडा धारदार होतात. त्यातच नाकपट्टा आवळला की गाल त्या धारेवर दाबला जातो. पहिल्या दाढेपुढे काही घोड्यांना उगवणारा अवशेषरूप चिमुकला दातही कडीला ठेचतो. पशुवैद्याला बोलावण्यापेक्षा चर्मकाराकडून आणखी एक पट्टा घेणे स्वस्त पडते, म्हणून मूळ दुखणे तसेच राहते. नाकपट्ट्याच्या खाली, कडियाळ्याच्या पुढून, जबडा बांधणारा दुसरा बारीक पट्टाही याच न्यायाने लोकप्रिय झाला. त्या जागी साधा, सैल, गालाच्या उंच हाडाच्या दोन बोटे खाली बसणारा पट्टा पुरेसा असतो. तो पुरत नसेल, तर स्वाराच्या हाताकडे पाहावे.

दुखण्याचे प्रमाण किती, याची कल्पना फिनलंडमधील पाहण्यांवरून येते. शर्यतीनंतर तपासलेल्या २६१ घोड्यांपैकी ८४ टक्के घोड्यांच्या तोंडात कडियाळ्याच्या जागी ताज्या जखमा आढळल्या. क्रॉस-कंट्रीनंतर पाहिलेल्या २०८ घोड्यांत हे प्रमाण ५२ टक्के होते. तोंडाबाहेर रक्त दिसलेले घोडे मात्र मोजकेच. ‘रक्त दिसत नाही, सबब इजा नाही’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

अशा वेळी महासंघाच्या धोरणातील विसंगती अधिकच डोळ्यांत भरते. एका हाताने पट्टा मोजण्याचे साधन देणाऱ्या या संस्थेच्या सर्वसाधारण सभेने नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँग येथे उडी-शर्यतीतील रक्ताचा नियम बदलला. साहित्यामुळे वा स्वारामुळे रक्त आले की स्पर्धेतून बाद, ही पूर्वीची सरळ शिक्षा जाऊन २०२६ पासून नोंदलेली ताकीद आली. वर्षभरात दोन ताकिदी झाल्यास दंड व महिनाभराची बंदी, असा क्रम ठरला. जीभ चावल्यामुळे आलेल्या थेंबभर रक्तासाठी स्वाराला घरी पाठवणे अन्याय्य आहे, हे समर्थकांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. जुन्या नियमातही किरकोळ रक्त पुसून पुढे जाण्याची मुभा होती. तथापि, बाद होण्याच्या भीतीने जो स्वार हात हलका ठेवत होता, त्याला पहिली चूक माफ असल्याचे कळवून घोड्याचे कोणते हित साधले, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. ब्रिटनच्या एका ऑलिंपिक विजेत्या महिलेला घोड्यावर चाबूक चालवल्याच्या चित्रफितीमुळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून माघार घ्यावी लागल्यानंतर तर प्रेक्षकांचा विश्वास हीच या खेळाची खरी पुंजी आहे.

हा प्रश्न भारताला दूरचा नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळवले, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. कानपूरचे खोगीर, लगाम व पट्टे तर जगभर जातात. मात्र आपल्याकडे घोड्याच्या तोंडाचा प्रश्न पदकाच्या व्यासपीठापेक्षा टांग्याच्या आणि भाड्याच्या तट्टाच्या संदर्भात अधिक निकडीचा आहे. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी १९६५ मध्ये केलेल्या नियमांनी काटेरी कडियाळ्यांना मनाई केली. त्यानंतर अर्धशतक उलटून गेल्यावरही अशी कडियाळी जप्त झाल्याच्या बातम्या येतच राहिल्या. ती काढून घेतल्यावर मालकाच्या हाती साधे, गुळगुळीत, तोंडाच्या मापाचे कडियाळे दिले जाते काय आणि ते बसवायचे कसे हे त्याला कोणी दाखवते काय, याची विचारणा पशुसंवर्धन खात्याकडे व्हावयास हवी. ज्याचे पोट त्या तट्टावर आहे, त्याने जप्तीच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारातली तीच स्वस्त काटेरी कडी आणली, तर नियमाने त्या तट्टाला एका दिवसाची सुट्टी तेवढी दिली.