चौदा ओलांडताना

मे महिन्यात रत्नागिरीत खो-खोची शिबिरे भरतात. पहाटे मैदानाच्या तांबड्या मातीवर पाणी मारले जाते आणि आठ वाजेपर्यंत मुलींचे शर्ट पिळून काढावेत इतके भिजतात. पारा तेहेतिसाच्या आसपास असतो. विदर्भातल्या प्रशिक्षकांना हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग निवत नाही.

या शिबिरांत दरवर्षी एक तरी अशी मुलगी असते, जिने किशोरी गटात मैदान गाजवलेले असते आणि जी चौदा ओलांडून मोठ्या गटात आलेली असते. वर्ष-दीड वर्षात तिची उंची झपाट्याने वाढलेली असते. तिची साखळी मध्येच तुटते, खांबावरचा सूर हातभर आधी सुटतो, गुडघ्याच्या वाटीखाली दुखते. मग मैदानाच्या कडेला कुणीतरी म्हणते, “हिच्या डोक्यात हवा गेली.” हे वाक्य आपण प्रशिक्षकांनी कायमचे सोडून द्यावे. तिचे पाय लांब झाले आहेत आणि पावलांचा अंदाज अजून जुन्या पायांचा आहे. वाटीखालचे दुखणेही बहाणा नसते. वाढत्या वयात तिथल्या हाडावर मांडीच्या स्नायूचा ताण येतो आणि सूर, उड्या, अचानक थांबणे यांनी तो वाढतो.

त्यातच मॅट आली. आपली मुले मातीवर शिकतात, पुष्कळदा अनवाणी, आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीवर पाय थोडा घसरून थांबतो. मॅटवर बूट जागीच पकडतो आणि तो झटका गुडघा-घोटा सोसतात. शिवाय खेळही बदलला. जानेवारी २०२५च्या दिल्लीतील विश्वचषकात नवाऐवजी सात जण मैदानात होते आणि कोणत्याही दिशेला वळू शकणारा वझीर होता. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर या महाराष्ट्राच्याच कर्णधारांनी दोन्ही चषक भारताला मिळवून दिले. रत्नागिरीच्या ऐश्वर्या सावंत आणि अपेक्षा सुतार महाराष्ट्राच्या संघातून खेळल्या. आपल्या मुलींची नजर तिथे आहे, त्यामुळे मॅट टाळून चालणार नाही.

स्कीइंगमधले एक उदाहरण आपल्या उपयोगाचे आहे. २०१२-१३च्या मोसमापासून पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या स्कीची वळण-त्रिज्या सत्तावीस मीटरवरून पस्तीस मीटर करण्यात आली. अमेरिकेच्या टेड लिगेटीने या नियमाला जाहीर विरोध केला होता. तरीही मोसमाआधी तो नव्या स्कीवर वळण पुन्हा शिकला. ऑक्टोबरमध्ये सोल्डनची पहिली शर्यत त्याने २.७५ सेकंदांनी जिंकली आणि त्या मोसमातल्या आठपैकी सहा जायंट स्लॅलम शर्यती त्याच्या नावावर झाल्या. पण लिगेटी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. स्की बदलल्या, शरीर तेच होते. आपल्या चौदा वर्षांच्या मुलीचे शरीर, पायाखालची जमीन, नियम आणि हवा असे सगळे एकाच उन्हाळ्यात बदलते, आणि आपण पंधरा दिवसांच्या शिबिरात हे सारे तिच्याकडून उरकून घ्यायला बघतो.

माझे मत स्पष्ट आहे: एका वेळी एकच बदल. पहिले दहा-बारा दिवस फक्त हवेचे. शरीराला उकाड्याची सवय व्हायला साधारण तेवढा काळ लागतोच. या दिवसांत सराव छोटा, सावलीत विश्रांती आणि मीठ घातलेले कोकम सरबत हाताशी. नंतर बूट आणि मॅट, तेही आधी धावण्यासाठी. सूर सर्वांत शेवटी. वझीराचे डावपेच जूनसाठी राखून ठेवा. तेव्हा पावसाने मैदान बंद होते आणि शाळेच्या सभागृहात चालत चालत दिशा समजावता येतात. तेवढ्यासाठी धावण्याची गरज नसते.

तक्रार येईल की शिबिर पंधरा दिवसांचे, निवड चाचण्या डोक्यावर. अडचण खरी आहे. तरीही लंगडणाऱ्या मुलीला चाचणीत उतरवून आजवर कुणाचा संघ मोठा झालेला मी पाहिला नाही.

यंदा एवढे कराच. शिबिराच्या पहिल्या सकाळी प्रत्येकीला भिंतीशी उभे करून उंचीची खूण करा, शेजारी तारीख लिहा. दर महिन्याला पुन्हा मोजा. महिन्यात अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक वाढ दिसली, तर तिचे सूर आणि उड्या निम्म्यावर आणा, आणि त्यामागचे कारण तिला आणि तिच्या आईला समोर बसवून सांगा.